मोतीबिंदू की काचबिंदू?

घरातले म्हातारे माणूस म्हणते, "हल्ली नीट दिसत नाही." घरचे काय म्हणतात? "वय झालं. मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग बघू."

आम्हीही असेच म्हटले होते.

आमचे थोरले बंधू सत्तरीचे. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटे. बाजूने सायकल आली तर कळत नसे. समोरचे मात्र चांगले दिसे. पोथी वाचत. आम्ही हेडमास्तर, शिकलेले! तरी म्हणालो, "दादा, मोतीबिंदूच असेल. पिकला की काढू." दोन वर्षे अशीच गेली. मग तालुक्याला नेले. डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला. म्हणाले, "हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळू या."

दादा आता रोज डोळ्यांत थेंब घालतात. एक दिवसही चुकवत नाहीत.

मग मोतीबिंदू म्हणजे काय? बाहुलीच्या मागे एक भिंग असते. ते काचेसारखे स्वच्छ असते. वय वाढले की गढूळ होते. सगळे धुरकट दिसते. रात्री दिव्याचा उजेड फाकतो. थेंबांनी हा जात नाही. गढूळ भिंग काढून नवे बसवतात, आणि बहुतेकांना पुन्हा चांगले दिसू लागते. पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. फार पिकला तर उलट काढायला अवघड जातो.

काचबिंदूचे तसे नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. बहुधा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, म्हणून पत्ताच लागत नाही. पण डोळा एकाएकी लाल झाला, फार दुखला, उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मधुमेहानेही नजर जाते. साखर असलेल्याने वर्षाला एकदा डोळे दाखवावेत.

हे आजार घरी बसून ओळखता येत नाहीत. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, आतला पडदा पाहतात. पुढे काही तास अंधुक दिसते. सोबत माणूस न्यावा.

काचबिंदू घराण्यात चालतो. म्हणून डॉक्टरांनी आम्हालाही खुर्चीवर बसवले. आमचाही दाब जास्त निघाला! आता दोघे भाऊ एकाच एस.टी.ने तपासणीला जातो.