एका की-बोर्डमधला आवाज दुसऱ्यात कसा जातो?

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या वाद्यवृंदात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाजताना तुम्ही पाहिला असेलच. वादक एक बटण दाबतो आणि त्याच पट्ट्यांतून आधी पियानो, मग बासरी, मग घंटा ऐकू येते. आता समजा, एका वादकाने आठ दिवस खपून आपल्या वाद्यात एक नवाच आवाज तयार केला. तो आवाज मित्राच्या वाद्यातही हवा आहे. तिकडे न्यायचा कसा? ध्वनिमुद्रण करून भागणार नाही. मुद्रणातून एकदा वाजलेली चाल मिळेल. त्या आवाजात दुसरी चाल वाजवता येणार नाही.

उत्तर समजण्यासाठी आपण एक खरे वाद्य घेऊ. जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली डीएक्स-७ नावाचा की-बोर्ड बाजारात आणला. गंमत अशी, की या वाद्यात कोणत्याही आवाजाचे मुद्रण साठवलेले नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांना १९६७ साली असे आढळले होते, की एका लहरीची कंप्रता दुसऱ्या लहरीने अतिशय वेगाने कमीजास्त केली, तर मूळच्या दोन्ही लहरींत नसलेले कितीतरी नवे सूर उमटतात. डीएक्स-७ मध्ये अशा लहरी निर्माण करणारे सहा विभाग आहेत आणि ते एकमेकांना जोडण्याचे ३२ प्रकार आहेत. कोणता विभाग किती जोराने वाजावा, किती लवकर विरावा, कोणी कोणाला हेलकावे द्यावेत, हे सारे आकड्यांनी ठरते. एका आवाजासाठी असे १४५ आकडे लागतात. शिवाय आवाजाच्या नावाची १० अक्षरे. तीही वाद्याच्या लेखी आकडेच. एकूण झाले १५५.

म्हणजे एका वाद्यातून दुसऱ्यात पाठवायचा तो आवाज नव्हे, आवाजाची कृती! पुरणपोळी टपालाने पाठवण्याऐवजी ती करण्याची कृती लिहून पाठवावी, तसे हे आहे.

हे आकडे ज्या वाटेने जातात तिचे नाव मिडी. एके काळी प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी असे. एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका तारेने जोडून दाखवण्यात आली. एकाची पट्टी दाबली की दुसरेही वाजे.

मिडीच्या तारेला पाच टाचण्यांचे गोल टोक असते. पहिल्या वाद्याच्या 'आउट' मधून निघालेली तार दुसऱ्याच्या 'इन' मध्ये जाते. विशेष म्हणजे संदेशाचा विद्युत्प्रवाह दुसऱ्या वाद्याच्या मुख्य मंडलात शिरतच नाही. दाराशीच एक चिमुकला दिवा त्या प्रवाहाने उघडझाप करतो आणि समोरचा प्रकाशग्राही तो प्रकाश टिपतो. निरोप पोचतो, पण दोन्ही मंडले विजेच्या दृष्टीने अलग राहतात, त्यामुळे तारेतून येणारी घरघर टळते.

तारेतून दर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. (दहा लाखांना ३२ ने भागून पाहा!) प्रत्येक बाइटचे आठ बिट, एक आरंभाचा आणि एक अखेरचा, असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट.

आठ बिटांत ० ते २५५ आकडे मावतात. मिडीत मात्र १२८ आणि पुढचे आकडे हुकमांसाठी राखलेले आहेत. माहितीसाठी उरतात ० ते १२७. २४० हा हुकूम म्हणजे 'आता एका विशिष्ट कंपनीच्या वाद्यासाठी निरोप येत आहे'. त्यामागून कंपनीचा क्रमांक येतो. यामाहाचा ६७, रोलँडचा ६५. ज्याचा निरोप नाही ते वाद्य तो सोडून देते. २४७ आला की निरोप संपला.

डीएक्स-७ आपले ३२ आवाज एकदम पाठवते, तेव्हा निरोपाची सुरुवात अशी असते: २४०, ६७, ०, ९, ३२, ०. यातील शून्य म्हणजे पहिली वाहिनी, ९ म्हणजे '३२ आवाजांचा गठ्ठा'. शेवटचे दोन आकडे माहितीची लांबी सांगतात: ३२ × १२८ + ० = ४,०९६. पण १५५ ला ३२ ने गुणले तर ४,९६० येतात! कमी कसे झाले? काही आकडे इतके लहान असतात, की दोन-तीन मिळून एकाच बाइटमध्ये बसतात. तसे बसवले की एक आवाज १२८ बाइटमध्ये मावतो.

माहितीनंतर येतो पडताळ्याचा आकडा. समजा माहिती फक्त ९९, ५० आणि ७ एवढीच आहे. बेरीज १५६; १२८ ने भागून बाकी २८; पडताळा १२८ − २८ = १००. घेणारे वाद्य चारही आकडे मिळवते. २५६ ला १२८ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे निरोप ठीक. मात्र वाटेत ९९ आणि ५० यांची अदलाबदल झाली तर ही युक्ती फसेल, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

सारा निरोप ६ + ४,०९६ + १ + १ = ४,१०४ बाइटचा. त्याला सुमारे १.३ सेकंद लागतात.

इथे एक धोका आहे. नवा गठ्ठा आला की आधीचे ३२ आवाज पुसले जातात, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणूनच वाद्यात स्मृतीला कुलूप असते. ते मुद्दाम उघडल्याशिवाय गठ्ठा आत घेतला जात नाही. कुलूप उघडण्यापूर्वी स्वतःचे आवाज संगणकावर उतरवून ठेवावेत. ते एरवीही करावेच, कारण ही स्मृती आत बसवलेल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की वर्षानुवर्षे जमवलेले आवाज गेले.

डीएक्स-७ चा निरोप रोलँडच्या वाद्याला दिला तर? काही होणार नाही. इतकेच काय, यामाहाच्याच डीएक्स-२१ ला तो कामाचा नाही. त्यात सहाऐवजी चारच विभाग आहेत. कृती मिळाली, पण चूल वेगळी! १९९१ साली ठरलेल्या 'जनरल मिडी' ने थोडी सोय केली. तीत १२८ आवाजांना क्रमांक दिले आहेत. १०५ वा सतारीचा, ११२ वा शहनाईचा. पण हे फक्त क्रमांक. प्रत्येक कंपनीची सतार निराळीच वाजते, आणि काहींची तर सतार म्हणून ओळखूही येत नाही.

ज्या वाद्यांत खऱ्या वाद्याचे मुद्रण साठवलेले असते, त्यांची अडचण आणखी मोठी. एका सेकंदाच्या उत्तम मुद्रणात ४४,१०० नमुने असतात. सोळा बिटांचा एक नमुना मिडीतून धाडायला तीन बाइट लागतात, कारण एका बाइटमध्ये माहितीचे सातच बिट जातात. एका सेकंदाचा आवाज पाठवायला किती सेकंद लागतील, हे आता तुम्हीच काढा. उत्तर पाहिलेत की अशा वाद्यांना पूर्वी फ्लॉपी चकती आणि आता यूएसबी का लागते, ते कळेल.