औषधाला त्याचा वेळ दे

चि. समीर,

डॉक्टरांची चिठ्ठी पाठवलीस, ते बरं केलंस. तू विचारतोस, काल रात्री बद्धकोष्ठावरचं लॅक्टुलोज घेतलं, सकाळी काहीच झालं नाही, तर आज दुप्पट घेऊ का? मुळीच नको. ते आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतं, त्याला एक-दोन दिवस लागतातच. सुरुवातीला पोट फुगेल, गुडगुडेल. ते बहुधा आपोआप कमी होतं. पाणी मात्र भरपूर पी. डोस वाढवायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

मित्राने दिलेली बिसाकोडिलची गोळी वेगळी. ती आतड्याला हलवते आणि सहा ते बारा तासांत काम करते, म्हणून रात्री घेतात. तिच्यावरचं आवरण जठरात विरघळू नये म्हणून असतं. ती चावून, दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली, तर पोटात कळा येतात. दोन्ही औषधं आपल्या मनाने एकत्र घेऊन जुलाब लागले, तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. जोडीला काही हवं असलं, तर डॉक्टर सांगतील.

आपल्याकडे ‘पोट साफ झालं का?’ हा सकाळचा पहिला प्रश्न, म्हणून एक दिवस चुकला की जीव वरखाली होतो. पण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा फरक निरोगी माणसांतही असतो. कुंथावं लागत नाही ना, मळ कडक नाही ना, हे बघ.

डॉक्टरांशी बोलताना लाजू नकोस. लोहाच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही बद्धकोष्ठ होतं; थायरॉईड मंदावला तरी होतं. काय काय घेतोस, ते सगळं सांग. इसबगोल घेत असलास तर तेही, कारण ते कमी पाण्याबरोबर घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं.

शौचातून रक्त पडलं किंवा विनाकारण वजन घटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठ. पोट खूप दुखून फुगलं, उलट्या झाल्या, वारासुद्धा सरेनासा झाला, तर रेचक न घेता थेट दवाखान्यात जा.

पुढच्या भेटीपर्यंत कोणत्या दिवशी किती घेतलं आणि काय झालं, हे लिहून ठेव. डोस वाढवायचा, औषध बदलायचं की बंद करायचं, हे त्यावरून डॉक्टरांना ठरवता येईल.

तुझी,
मावशी