वैद्यकीय शिक्षण आणि वयाची अट : दार खुले, वाट अरुंद

डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, त्या वेळी त्या पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या. अकराव्या वर्षी झालेला विवाह आणि त्यातून उद्भवलेला, १८८४ ते १८८८ पर्यंत चाललेला गाजलेला खटला यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. वयाच्या तिशीत डॉक्टर होऊन त्या स्वदेशी परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे साडेतीन दशके रुग्णसेवा केली. शिक्षणाला उशीर झाला म्हणून समाजाला मिळणारी सेवा तोकडी पडतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. तरीही ‘वैद्यकीय प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा असावी काय?’ हा प्रश्न एकविसाव्या शतकात भारतात पुन्हा उपस्थित झाला.

मर्यादा आली आणि गेली

राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेसाठी (नीट) २०१७ मध्ये सर्वसाधारण प्रवर्गाकरिता २५ आणि राखीव प्रवर्गांकरिता ३० वर्षे अशी मर्यादा घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती त्या वर्षी लागू झाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये नियमावलीत दुरुस्ती करून ती पुन्हा आणली गेली व मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंतिम निर्णयाच्या अधीन राहून, २५ वर्षांवरील उमेदवारांना अर्ज करण्यास मुभा दिली. अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मधील बैठकीत ही अट काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो जाहीर झाला. आता १७ वर्षे ही किमान मर्यादा तेवढी उरली आहे.

याला पूरक असे आणखी दोन बदल झाले. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये पात्र मानण्यात आले. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांतून बारावी झालेल्यांचा मार्गही मार्च २०२४ पर्यंत मोकळा झाला. शाळा मध्येच सुटलेल्या किंवा अन्य शाखेकडे वळलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे बदल वयाच्या अटीइतकेच महत्त्वाचे आहेत.

मर्यादेमागील अर्थशास्त्र

वयोमर्यादेच्या समर्थकांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. शासकीय महाविद्यालयातील प्रत्येक जागेवर मोठा सार्वजनिक खर्च होतो आणि जागा मर्यादित आहेत. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांहून अधिक उमेदवारांनी नोंदणी केली. त्या तुलनेत एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. अशा वेळी या खर्चातून समाजाला सेवेची किती वर्षे मिळतील, हा प्रश्न रास्त ठरतो.

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. अठराव्या वर्षी प्रवेश घेणारा विद्यार्थी साडेतेविसाव्या वर्षी डॉक्टर होतो. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत काम केल्यास त्याची सेवा साडेएकेचाळीस वर्षांची होते. बत्तिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याच्या बाबतीत हाच आकडा साडेसत्तावीस वर्षे येतो. म्हणजे प्रौढ विद्यार्थी तरुणाच्या सुमारे दोन तृतीयांश सेवा देऊ शकतो. १४ वर्षांची ही तूट खरी आहे.

तथापि, हा हिशेब सेवेची वर्षे मोजतो. ती कोठे आणि कोणासाठी खर्ची पडतात, हे मोजत नाही. ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता २०२१-२२ मध्ये गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. देशातील डॉक्टरांची एकूण संख्या वाढत असतानाचे हे चित्र आहे. टंचाईचे मूळ संख्येइतकेच वाटपात आहे. ज्याचे घर, शेती, कुटुंब आणि पूर्वीची नोकरी तालुक्याच्या ठिकाणी आहे, तो पदवीनंतर तेथेच राहण्याची शक्यता अधिक असू शकते. महानगरातील ४१ वर्षांपेक्षा तालुक्यातील २७ वर्षे समाजाला अधिक मोलाची ठरू शकतात. केवळ वयाच्या आधारे उमेदवार वगळल्यास हा फरक विचारातच घेतला जात नाही.

परिचारिकेचा हिशेब

दार उघडले तरी आत येण्याची किंमत उरतेच. समजा, दरमहा ३० हजार रुपये मिळविणारी ३२ वर्षांची एक परिचारिका एमबीबीएसला प्रवेश घेते. वर्गात ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असल्याने तिला नोकरी सोडावीच लागेल. आंतरवासितेपूर्वीच्या ५४ महिन्यांतील बुडालेले वेतनच १६ लाख २० हजार रुपये होते. अर्थशास्त्रात याला ‘संधी खर्च’ म्हणतात. शुल्क, पुस्तके आणि निवास यांचा खर्च वेगळा. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला हा संधी खर्च जवळजवळ नसतो. शिवाय त्याच्यामागे पालक असतात, तर हिच्यावर मुलांची आणि कदाचित सासू-सासऱ्यांचीही जबाबदारी असते.

तिचे पूर्वीचे शिक्षणही येथे हिशेबात धरले जात नाही. ब्रिटनमध्ये अन्य पदवीधरांसाठी २००० पासून चार वर्षांचे स्वतंत्र वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाले. भारतात तशी सोय नाही. रुग्णशय्येजवळ दहा वर्षे काढलेल्या परिचारिकेलाही पहिल्या दिवसापासून सर्वांबरोबरच आरंभ करावा लागतो. अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करण्याचे आणि पहिले वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत उत्तीर्ण होण्याचे बंधन तिलाही लागू आहे.

खरी अडचण मात्र पदवी हाती आल्यावर येते. संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षेत बहुतेक पदांसाठी कमाल वय ३२, तर केंद्रीय आरोग्य सेवेतील सर्वसाधारण वैद्यकीय अधिकारी पदांसाठी ३५ वर्षे आहे. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. ही परिचारिका डॉक्टर होईल तेव्हा तिचे वय साडेसदतीस असेल. प्रवेशाच्या वेळी जी अट शासनाने अनावश्यक ठरविली, तीच नोकरीच्या वेळी तिची वाट अडविते. ज्या सार्वजनिक सेवेसाठी तिचा अनुभव सर्वाधिक उपयुक्त, तिचेच दार बंद राहिल्यास तिला खासगी व्यवसायाकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पुढील दिशा

यादृष्टीने तीन गोष्टींचा विचार व्हावयास हवा. पहिली, सार्वजनिक वैद्यकीय सेवेतील भरतीची वयोमर्यादा प्रवेशाच्या नव्या धोरणाशी सुसंगत करणे. निदान ग्रामीण पदांसाठी, उमेदवार निवृत्तीपूर्वी किती वर्षे सेवा देऊ शकेल हा निकष लावता येईल. दुसरी, परिचारिका व अन्य आरोग्य कर्मचाऱ्यांना अध्ययन रजा आणि निर्वाह वेतन देऊन, त्या बदल्यात त्यांच्याच जिल्ह्यात ठरावीक वर्षे सेवेची हमी घेणे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतील पदवीधरांसाठी एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची पद्धत आहेच. येथे ती स्वेच्छेने व दीर्घ मुदतीची करता येईल. तिसरी, शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीची मुदत कर्जदाराच्या उर्वरित कार्यकाळाशी जुळवणे.

गुणवत्तेच्या कसोटीत यापैकी कशानेही सूट मिळत नाही. नीटमध्ये प्रौढ उमेदवाराला तरुणांच्या बरोबरीनेच गुण मिळवावे लागतात आणि ते योग्यच आहे. कसोटी पार करून आलेल्याचे शिक्षण समाजाच्या उपयोगी पडेल अशी व्यवस्था उभी करणे हे धोरणाचे काम आहे. वयाची अट हटविण्याचा निर्णय हा त्यातील पहिला टप्पा आहे. सेवेच्या दारावरील अट कायम राहिली, तर त्या निर्णयाचा लाभ मोजक्या व्यक्तींच्या जिद्दीपुरताच मर्यादित राहील.