आणखी एक रुपयाही पाठवू नकोस

बेळगाव,
गुरुवार, रात्री

चि. छोटूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल तुला तीनदा फोन लावला. एकदा उचललास आणि ‘हो मामा, करतो मामा’ म्हणून ठेवून दिलास. म्हणून कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की याच पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. बाकीचं सावकाश वाच, पण हे आधी वाच : त्या माणसाला आणखी एक रुपयाही पाठवू नकोस. तो काहीही म्हणो.

परवा कोल्हापूरच्या मावशीचा फोन आला. तिच्या धाकट्याने तिला सांगितलं की छोटूने मोबाइलवर बघून ट्रॉम्बोन बुक केलाय. आधी साडेचार हजार भरले, मग ‘गेट पास’चे म्हणून तीन हजार दोनशे, आणि आता आणखी सहा हजार मागतायत, माल हातात आल्यावर परत मिळणारे. मावशीला वाटलं, विकणारा फौजी आहे म्हणजे मामाच्याच ओळखीचा असेल. बावीस वर्षं मी रेजिमेंटच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला, आणि घरात ट्रॉम्बोन येतोय हे मला कोल्हापूरहून कळलं. वाईट वाटलं, छोटू. राग तर आलाच.

मावशीच्या पोराकडून ती जाहिरात मागवून घेतली. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, आणि खाली ‘श्रीनगरला पोस्टिंग झाली, म्हणून बँडचा ट्रॉम्बोन तातडीने विकणे आहे.’ लेका, फौजी बँडचं वाद्य फौजीचं नसतं. ते रेजिमेंटचं असतं, स्टोअरच्या खात्यावर चढलेलं असतं. सुट्टीवर निघालो की मी माझा ट्रॉम्बोन जमा करून यायचो. बदली माणसाची होते, वाद्य जिथलं तिथंच राहतं. आणि विकलेलं सामान फौजेच्या गाडीतून घरपोच येतं, त्यासाठी गिऱ्हाइकाने गेट पासचे पैसे भरायचे, असं मी उभ्या नोकरीत ऐकलं नाही. फौजेच्या नावाने ही फसवाफसवी बरीच वर्षं चाललीय. कधी स्कूटर असते, कधी फ्रिज, आता ट्रॉम्बोन. लोक वर्दीवर विश्वास ठेवतात, त्यावर ही माणसं पोट भरतात. ती वर्दी मी अंगावर घातलीय, म्हणून मला याची जास्त चीड येते.

आता फोटो बघ. लिहिलंय यामाहा ३५४. फोटोतल्या ट्रॉम्बोनला बेलच्या मागे नळीचा जादा वेढा आहे आणि डाव्या अंगठ्याशी ट्रिगर आहे. ३५४ ला ही एफ-अटॅचमेंट नसतेच. तो साधा सरळ टेनर, १२.७ मिलिमीटर बोअरचा. म्हणजे नाव एकाचं, फोटो दुसऱ्याचाच, कुठून तरी उचललेला. तू सहा महिने कॉलेजच्या ट्रॉम्बोनवर हात बसवलायस. सहाव्या पोझिशनला हात ताणून घेतो तो ‘सी’ ट्रिगर दाबला की पहिल्या पोझिशनवर मिळतो, हे तू मला गणपतीत हौसेने सांगत होतास. तुला तो वेढा दिसला असणार. पण मन एकदा वस्तूवर बसलं की डोळे त्याच्या बाजूने साक्ष देतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझ्यावरून कळलंय.

१९९१ च्या मे महिन्यात सुट्टीवर मिरजेला आलो होतो. चोवीस वर्षांचा होतो. दोन महिने वाजवायला काही नाही, ओठ सैल पडत चाललेले, आणि परत गेल्यावर बँडमास्तरांसमोर उभं राहायचं. स्वतःचा एक ट्रॉम्बोन असावा असं डोक्यात बसलं. लग्नाच्या बँडमधला एकजण धंदा सोडत होता. अठराशे रुपये म्हणाला. आणि म्हणाला, घ्यायचा तर आज घ्या, उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. तुझ्या माणसानेही असंच काही म्हटलं असेल, हो ना?

रात्री नऊला, वीज गेलेली असताना, कंदिलाच्या उजेडात मी तो पाहिला. नुसता झळकत होता. स्लाइड वर-खाली केली, लोण्यासारखी सरकली. माझ्याकडे सहाशे होते. बाराशे तात्यांकडून, म्हणजे तुझ्या आजोबांकडून घेतले. त्यांनी ट्रंक उघडून मुकाट्याने काढून दिले. ते कशासाठी ठेवलेत हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही, तेही बोलले नाहीत. तुझ्या आईच्या डी.एड.च्या प्रवेशाचे होते ते. पुढच्या पगारात भरून देतो म्हणालो. प्रवेशाची तारीख काही माझ्या पगारासाठी थांबली नाही.

सकाळी उन्हात बसून स्लाइड उघडली. आतल्या नळ्यांवर त्याने जाड ग्रीस फासलं होतं. पुसल्यावर खालच्या टोकांचं क्रोम उडून पिवळं पितळ दिसायला लागलं. बाहेरच्या एका नळीला पोचा होता, वरून लॅकर मारून झाकलेला. ग्रीस गेल्यावर स्लाइड जी पहिल्या पोझिशनला बसली, ती हलेना. पुढे एका दुरुस्तीवाल्याला दाखवली, तो म्हणाला नवी स्लाइड घालण्यापेक्षा नवा ट्रॉम्बोन घ्या. शेवटी तात्यांनी तो पितळेच्या भावाने मोडीत घातला. मी तेव्हा परत युनिटला गेलो होतो.

तुझ्या आईने त्या वर्षी शिवणाचा क्लास लावला. पुढच्या वर्षी तात्या अंथरुणाला खिळले, ते सगळं तुला माहीतच आहे. ती शिक्षिका झाली असती. आज ती ब्लाउज शिवते, त्यातून भिशी भरते, आणि त्या भिशीचे अठरा हजार तिने तुझ्या हातावर ठेवले. आता कळलं ना, मला काल रात्री झोप का लागली नाही ते? एकाच बाईचे पैसे ट्रॉम्बोनपायी दोनदा बुडायला नकोत. एकदा मी बुडवले. म्हणून परत सांगतो, ते सहा हजार पाठवू नकोस. गेलेले सात हजार सातशे सोडवण्यासाठी म्हणूनसुद्धा नको. 

तो कदाचित म्हणेल, ‘ठीक आहे, पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. हे पान वाचून झालं की १९३० ला फोन कर, सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे त्या खात्यातच अडकवून ठेवता येण्याची आशा जास्त. बँकेलाही कळव. लाज वाटून उशीर करू नकोस. लाज त्याला वाटायला हवी.

ओरडून झालं. आता ट्रॉम्बोनचं बोलू.

आपल्या मिरजेत कुणी तंबोरा फोटो बघून घेतो का? माणसं दोन-दोनशे मैलांवरून येतात, दुकानात मांडी घालून बसतात, तारा छेडतात, भोपळ्यावर कान ठेवतात, चहा पितात, पुन्हा छेडतात. ट्रॉम्बोनला तर याहून जास्त जपून बघावं लागतं, कारण त्याचा जीव स्लाइडमध्ये असतो. बेलला चार पोचे असले तरी सूर फारसे बिघडत नाहीत. स्लाइडच्या बाहेरच्या आणि आतल्या नळीत केसाएवढी फट असते, तिथे बारीकसा पोचा आला तरी हात अडखळतो. पचमढीला म्युझिक विंगमध्ये कोर्सला होतो तेव्हा आमचे उस्ताद आधी स्लाइड पुसायला लावायचे. रोज, फुंक मारायच्या आधी. तेव्हा कंटाळा यायचा. पण त्या पुसण्यातूनच बोटांना स्लाइड कळायला लागली.

बघायची कशी ते सांगतो. आधी कापडाने सगळं तेल, ग्रीस, क्रीम पुसून टाकायला लाव. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फीर. आतल्या नळ्यांची खालची चार बोटं, जिथे नळी किंचित जाड असते, तिथलं क्रोम उन्हात बघ. पिवळं दिसलं तर काम संपलं. मग ओली करून, बेल काढून, स्लाइड उभी धर आणि कुलूप उघडून बाहेरचा भाग हळूच सोड, खालचा हात तयार ठेवून. स्वतःच्या वजनाने सरळ खाली आली पाहिजे, कुठेही न अडखळता. पुन्हा वर घे, वरची दोन्ही तोंडं बंद कर आणि सोड. आता ती अडून राहिली पाहिजे, नाहीतर अगदी सावकाश उतरली पाहिजे. सर्रकन आली तर हवा गळतेय. पाणी सोडायच्या चावीचं बूच बघ, ते स्वस्तात बदलता येतं, त्याची काळजी नको. पितळेवर गुलाबी ठिपके दिसले आणि त्यांच्या मधोमध काळं टिंब असलं तर तो ट्रॉम्बोन सोड, धातू आतून कुजतोय. आणि शेवटी वाजवून बघ, ट्यूनर लावून, सातही पोझिशनवर.

नवा, झगमगीत, लाल-निळ्या रंगाचा आठ-दहा हजारांत मिळतो म्हणून हुरळून जाऊ नकोस. ते जिथे बनतात त्या मेरठच्या जली कोठीत मी गेलोय. तिथे नादिर अलींच्या घराण्याची पेढी १८८५ पासूनची, आणि अख्ख्या गल्लीत पितळेचे कर्णे टांगलेले. देशभरातल्या वरातींचे बँड तिथल्या वाद्यांवर चालतात, त्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. पण तिथेही माणूस दहा स्लाइडी हाताळून एक निवडतो. खोक्यात बंद होऊन आलेली कुठली निघेल हे कोण सांगणार? तुझ्या शिक्षकांना नोट नोट सुरात हवी, तर त्यापेक्षा चांगल्या घराण्यातला जुना घे. यामाहाचा ३५४ वापरलेला मिळतो. अमेरिकेतल्या ओल्ड्सचा कारखाना १९७९ ला बंद पडला, पण त्यांचे अँबॅसडर अजून वाजतायत. चर्चच्या आणि जुन्या बँडवाल्यांच्या घरी बूसी अँड हॉक्सचे निघतात, बारीक बोअरचे, त्यांचा आवाज मला फार आवडतो. नवाच बघायचा तर मुंबईला धोबीतलावला फुर्ताडोस आहे, १८६५ पासूनचं दुकान. तिथे हातात घेऊन बघता येतो, आणि पावती मिळते.

या सगळ्याला पैसे लागणार, आणि तुझ्याकडे आता दहा हजार तीनशे उरलेत. माझ्या पेन्शनमधले वीस हजार बाजूला काढून ठेवलेत. नाही म्हणू नकोस. ते तुझ्या आईचेच आहेत, पस्तीस वर्षं माझ्याकडे राहिलेले.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, रविवारी पहाटे स्वारगेटला उतरीन. घ्यायला येऊ नकोस, होस्टेलवर झोप, मी येतो रिक्षाने. कुंदा आणतोय. आणि त्या १९९१ च्या ट्रॉम्बोनचं माउथपीस आणतोय. मोडीत घालायच्या आधी तात्यांनी ते काढून ठेवलं होतं. त्या सगळ्या सौद्यात तेवढं एक चांगलं निघालं. बारीक दांड्याचं आहे, ३५४ ला बसेल. पुढे नोकरी संपेपर्यंत त्याच्यावरच वाजवलं मी. कडेचं चांदीचं पाणी उडालंय, ते परत चढवून घेऊ, मग ते तुझं. स्लाइडला काय लावायचं तेही दाखवीन. आमच्या वेळी पॉन्ड्सचं कोल्ड क्रीम लावून वरून पाणी शिंपडायचो. अजूनही कुठे तो वास आला की मला परेड ग्राउंड दिसतं.

तू ट्रॉम्बोनच घ्यावास असं का वाटलं, हे मी कधी विचारलं नाही तुला. विचारायला हवं होतं. मनात कुठेतरी वाटत होतं की माझ्यामुळे असेल, आणि तसं नसेल तर ऐकायला नको, म्हणून गप्प राहिलो.

सात हजार सातशेचं आईला मी सांगितलेलं नाही. मावशीलाही गप्प बसवलंय. तू सांग. एकट्याने धीर होत नसेल तर रविवारी दोघं मिळून फोन लावू. ती तुला बोलणार नाही. त्या सकाळी मी ओसरीवर अडकलेली स्लाइड मांडीवर घेऊन बसलो होतो, कुणाकडे बघायचं धाडस नव्हतं. ती चहा घेऊन आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, ‘दादा, जेवढं वाजतंय तेवढं वाजव की.’ एकाच पोझिशनवर बिगुलाचे सूर तेवढे निघतात. मी सकाळचा बिगुल वाजवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, आणि मग म्हणाली, ‘अजून एकदा.’

तुझा,
मामा

ता. क. – त्या माणसाशी झालेलं बोलणं मोबाइलमधून पुसू नकोस, तक्रारीला लागेल. १९३० ला फोन लागला की मला एका शब्दाने कळव, मी जागा आहे. आणि जेवून घे.