नावेत बसताना कोणते जाकीट घालावे?

करमाळा आणि इंदापूर हे दोन तालुके. मधे उजनी धरणाचे पाणी. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक बोटीने पलीकडे जातात.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे एक बोट निघाली. बोटीत सात माणसे होती. वाटेत वादळी वारा सुटला. लाटा उठल्या. बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावी तर लोकांना पुरातून बाहेर काढणारी नावच उलटली होती.

असे काही घडले म्हणजे चार दिवस बोलणे होते. मग बोटीवर जाकिटे येतात. यांना लाइफ जॅकेट म्हणतात. आपण जाकीटच म्हणू. पण जाकिटे आली म्हणजे काम झाले, असे नाही. कोणत्या माणसाला कोणते जाकीट हे कळले पाहिजे. चुकीचे जाकीट घातलेला माणूसही तरंगतो. पण कधीकधी तोंड पाण्यात घालून तरंगतो!

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही नदीकाठची माणसं. पाठीला भोपळा बांधून पवायला शिकलो. आम्हाला जाकीट कशाला?"

भोपळा चांगलाच. जुन्या काळी वाळक्या भोपळ्यांची सांगड करून माणसे नदी पार करीत. पण भोपळा बांधून पोहणारा शुद्धीवर असतो. आपली मान तो आपणच वर धरतो. बोट उलटते तेव्हा तसे नसते. डोक्याला फळी लागते. नाकातोंडात पाणी जाते. हातपाय गळतात. अशा वेळी कमरेला डबा बांधलेला असला तर तो कंबर वर उचलतो आणि डोके खाली जाते.

म्हणून जाकीट कसे असावे? बेशुद्ध माणसाचेही तोंड आभाळाकडे ठेवील असे.

ते कसे होते, पाहा. विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली की जड होते. माणसाचेही तसेच आहे. साठ किलोचा माणूस पाण्यात चार-पाच किलोंचाच राहतो. तेवढे वजन उचलले म्हणजे तो बुडत नाही. हे काम जाकिटातला फोम करतो. पण तो फोम कोठे भरला आहे, याला फार महत्त्व आहे. छातीवर जाड आणि पाठीला पातळ असा फोम असला, तर पालथा पडलेला माणूस उताणा होतो. मानेमागे फोमची कॉलर असली, तर डोके उशीवर ठेवल्यासारखे वर राहते.

बंडीसारखे दिसणारे, पुढेमागे सारखेच आणि कॉलर नसलेले जाकीटही मिळते. ते स्वस्त असते, अंगाला सुटसुटीत असते. ज्याला पोहता येते आणि ज्याच्या हाकेला कोणी जवळ आहे, त्याच्यासाठी ते आहे. पोहता न येणाऱ्याला ते देऊ नये. बोटीतून पैलतीरी जाणारे म्हातारे माणूस, लेकुरवाळी बाई, बाजारकरी, या सगळ्यांना कॉलरचेच जाकीट पाहिजे.

जाकिटाच्या आत एक पट्टी शिवलेली असते. ती वाचा. अक्षरे बहुधा इंग्रजी असतात, पण आकडे तुम्हाला कळतील. मोबाइलवर तेच आकडे असतात. तेथे न्यूटन या मापाने जाकिटाचा जोर लिहिलेला असतो. १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो उचलण्याचा जोर. मोठ्या माणसांच्या जाकिटांवर ५०, १००, १५० आणि २७५ हे आकडे येतात. ५० म्हणजे वर सांगितलेली बंडी. नदी, तलाव, खाडी अशा आतल्या पाण्याला १०० चे घ्यावे. समुद्रात दूर जाणाऱ्याने १५० चे घ्यावे. २७५ चे खवळलेल्या समुद्रात जाड कपडे घालून काम करणाऱ्यांसाठी असते. आपल्याला त्याची गरज नाही. पट्टीच नसेल तर ते जाकीट घेऊ नका. दुकानदार काहीही म्हणो.

आता मासेमारांचे. कॉलरच्या जाड जाकिटाने हात अडतो, जाळे फेकता येत नाही. मग ते जाकीट खुंटीवर राहते. अशा माणसाला पोहणे येत असेल, तर त्याने बगला मोकळ्या असलेले सुटसुटीत जाकीट घ्यावे, पण ते दिवसभर अंगावर ठेवावे. माझे मत असे की खुंटीवरच्या १५० पेक्षा अंगावरचे ५० बरे. बोटीतल्या प्रवाशांना मात्र ही सूट नाही. त्यांना काही जाळे फेकायचे नसते.

गॅसच्या लहान नळकांड्याने फुगणारे जाकीटही असते. ते अंगाला हलके लागते. पण एकदा फुगले की नळकांडे बदलावे लागते. गळाचा काटा लागला तर भोक पडते. खेड्यातल्या बोटीवर फोमचेच बरे.

मुलांचे मात्र नीट ऐका. "एवढंसं पोर, मोठ्याचं जाकीट घातलं तरी चालेल," असे पुष्कळ बायाबापे म्हणतात. ते चालत नाही. पाण्यात पडताच जाकीट वर राहते आणि पोर खालून निसटते. मुलाचे जाकीट वयावर घेऊ नये, वजनावर घ्यावे. मोठ्या जहाजांच्या नियमात १५ किलोंच्या आतले तान्हे, १५ ते ४३ किलोंचे मूल आणि त्यावरचे मोठे माणूस, असे तीन भाग केले आहेत. पट्टीवर वजन लिहिलेले असते. अंगणवाडीत मुलाचे वजन करा आणि मग जाकीट घ्या. दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा पाहिजेच. मानेमागे धरायला मूठ असली तर मुलाला पाण्यातून उचलता येते. हवेच्या फुग्यांची खेळणी म्हणजे जाकीट नव्हे.

जाकीट घातले की सगळे पट्टे लावा. नुसते गळ्यात अडकवू नका. काठावरच दुसऱ्याला सांगा, "दादा, खांद्याला धरून वर ओढ." जाकीट कानापर्यंत वर आले, तर पट्टे आवळा. तरीही आले, तर ते तुमच्या मापाचे नाही. बायांनी पदर आधी खोचून घ्यावा आणि पट्टे त्यावरून बांधावे. रंग नारिंगी किंवा पिवळा असावा. निळे, हिरवे जाकीट पाण्यात दिसत नाही. सोबत शिट्टी असावी. दमलेल्या माणसाची हाक लांब जात नाही, शिट्टी जाते.

आणि हे सारे बोट सुटण्याआधी. पाण्यात पडल्यावर जाकीट घालणे फार कठीण. जाकिटे कमी आणि माणसे जास्त असतील, तर त्या खेपेला बसू नये. नावाडी रागावेल. रागावू द्या.

जाकीट बसायची गादी नव्हे. त्यावर बसून फोम दबतो आणि त्याचा जोर कमी होतो. उन्हाने कापड विरते. भिजलेले जाकीट सावलीत वाळवावे आणि उंदीर लागणार नाहीत असे टांगावे. फोम बोटाने दाबून पाहावा. दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, छातीइतक्या संथ पाण्यात जाकीट घालून उभे राहा. जवळ पोहणारा माणूस असू द्या. हळूच पाय उचला आणि मान मागे टाका. तोंड पाण्याच्या वर राहिले तर जाकीट ठीक आहे. पाणी ओठाला लागले तर ते जाकीट काढून टाका. कात्रीने कापूनच टाका, नाहीतर कोणीतरी ते पुन्हा बोटीत आणून ठेवतो.