भ्यालेला पाहुणा

मराठी घराला पोपट परका नाही. त्याला राघू म्हणावे, विठू म्हणावे, त्याला बोलायला शिकवावे, ही आपली जुनी हौस आहे. अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला ‘पोपटपंची’ हे नावही त्याच्यावरूनच पडले. परंतु ज्याच्या बोलण्याचे एवढे कौतुक झाले, त्याच्या भीतीचा विचार मात्र फार थोड्यांनी केला.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. तेथील डोंगरउतारांवरच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत हिरवे रानपोपट घरटी करतात. पूर्वी लोक अशा ढोल्यांतून पिले काढून पिंजऱ्यात घालीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील रानपोपट पकडण्यास, विकण्यास व पाळण्यास बंदी केली आहे. एखादे पिलू खाली पडलेले आढळले, तर ते पाळण्यासाठी घरी न ठेवता वनखात्याला कळवावे, हेच योग्य होय.

घरी पाळता येतो असा एक लहानसा पोपट म्हणजे बजरीगर. पुष्कळ लोक त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. पण खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतील निराळा पक्षी आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले. पुढे हा पक्षी जगभर पिढ्यानपिढ्या माणसाच्या घरात वाढत आला. त्याची लांबी सुमारे १८ सेंटीमीटर आणि वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते.

मुंबईहून गावी येणारा एखादा मामा भाच्यांसाठी असा पक्षी घेऊन येतो. एस.टी.चे धक्के, भोंग्यांचे आवाज आणि वळणावळणाचा रस्ता सोसून ते पिलू मंडणगडला पोहोचते. पिंजरा ओटीवर ठेवताच मुलांचा गराडा पडतो. कोणी पिंजऱ्यावर टिचकी मारतो, कोणी गजांतून बोट घालतो, कोणी “बोल, मिठू, बोल!” म्हणून ओरडतो. पिलू मात्र अंगाशी पिसे घट्ट आवळून कोपऱ्यात निश्चल बसते. ते दाण्याला शिवत नाही. मुले म्हणतात, “हा रुसला!” पण ते रुसलेले नसते, ते भ्यालेले असते.

या भीतीला कारण आहे. बजरीगर हा थव्याने राहणारा पक्षी. रानात ससाणा आकाशातून त्याच्यावर झडप घालतो. म्हणून वरून येणारी कोणतीही वस्तू त्याला शत्रूसारखी भासते, मग तो मुलाचा प्रेमाने पुढे केलेला हात का असेना! शिवाय थव्यातून एकटे पडणे म्हणजे संकट, हे त्याला उपजतच ठाऊक असते. नव्या घरात त्याचा थवा हरवलेला असतो आणि सभोवती मोठमोठे डोळे त्याच्याकडे रोखलेले असतात.

म्हणून पहिले काही दिवस त्याला शांतता द्यावी. पिंजरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बाजूने भिंतीला टेकवून ठेवावा. पाठीशी भिंत असली की पक्ष्याला आधार वाटतो. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड तेथे येऊ नये. पिंजरा स्वयंपाकघरात तर कधीच ठेवू नये. पक्ष्यांचा श्वसनमार्ग फार नाजूक असतो. चुलीचा धूर किंवा अति तापलेल्या न चिकटणाऱ्या तव्याची वाफ त्यांच्या जिवावर बेतते. राळे, वरी यांसारखे सालासकट धान्य, थोडी कोवळी हिरवी पाने व स्वच्छ पाणी ठेवून दूर व्हावे. दिवसभरात त्याने दाण्याला तोंडच लावले नाही, तर विलंब न करता पशुवैद्यांना विचारावे. इतक्या लहान जिवाला उपास सोसत नाही.

कोकणातील पावसाळी रात्री मेघ गर्जतात, वीज जाते, आणि अंधारात दचकलेला पक्षी गजांवर धडपडून पंख मोडून घेतो. अशा रात्री पिंजऱ्यापासून काही अंतरावर एक मंद विजेरी लावून ठेवावी.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. रोज ठरावीक वेळी पिंजऱ्याजवळ बसून पुस्तक हळू आवाजात वाचावे. पक्ष्याला शब्द कळत नाहीत, परंतु आवाज ओळखीचा होतो. काही दिवसांनी तो पिसे साफ करू लागतो, एका पायावर उभा राहून डुलकी घेतो, चोच हलकेच घासतो. ही भीती सरत चालल्याची चिन्हे होत. मग राळ्याचे कणीस हातात धरून गजांजवळ न्यावे आणि हात स्थिर ठेवावा. तो आला तर आनंद. न आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एके दिवशी तो दाणा टिपतो आणि पुढे केव्हातरी आपण होऊन बोटावर पाऊल ठेवतो.

येथे उतावळेपणा फार महाग पडतो. पंधरा दिवसांत मिळवलेला विश्वास एकदा मुठीत पकडल्याने क्षणात नाहीसा होतो, आणि दुसऱ्यांदा तो मिळवणे अधिक कठीण जाते.

बोलण्याची गोष्टही अशीच आहे. अमेरिकेतील पक नावाच्या एका बजरीगराला १,७२८ शब्द येत असल्याची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. मात्र कित्येक बजरीगर जन्मभर एकही शब्द बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. पाहुण्याने गाणे म्हटलेच पाहिजे, असा हट्ट कोणी धरीत नाही. तो आपल्या घरी निर्भयपणे जेवला व निजला, यातच यजमानाचे समाधान असते.

स्वाध्याय

१. पिलू रुसलेले नसून भ्यालेले आहे, हे कोणत्या चिन्हांवरून कळते?
२. बजरीगराला वरून येणाऱ्या हाताचे भय का वाटते?
३. पिंजरा स्वयंपाकघरात का ठेवू नये?
४. शाळेत नव्याने आलेल्या मुलाला धीर देताना या पाठातील कोणत्या गोष्टी उपयोगी पडतील? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : गराडा पडणे, जिवावर बेतणे, झडप घालणे.