विहिरीच्या पाण्यातील नत्राचे मूळ कसे ओळखावे?

गावच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल येतो, त्यात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळते आणि चावडीवर वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, मळ्यात युरिया फार पडला. कोणी जवळच्या गोठ्याकडे बोट दाखवितो. कोणी शौचकूपाच्या खड्ड्याला दोष देतो. हा वाद केवळ दोषारोपाचा नाही. मूळ चुकीचे ठरविले की उपायही चुकतो आणि पाणी पूर्वीसारखेच राहते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्या मुलाला अशा पाण्यात कालवून वरचे दूध पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ती घटते. मूल निळसर पडते व वेळीच उपचार न झाल्यास दगावण्याचाही धोका असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते.

साध्या तपासणीने नायट्रेट किती आहे ते कळते, परंतु ते कोठून आले हे कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ नत्राच्या समस्थानिकांचा उपयोग करतात.

हलका नत्र व जड नत्र

निसर्गात नत्राचे अणु दोन प्रकारचे आढळतात. बहुतेक अणूंचे वजन १४ असते, तर थोड्या अणूंचे १५. गुणधर्माने दोन्ही नत्रच, भेद वजनाचा. हा जड नत्र किरणोत्सर्गी नाही, म्हणून त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. हवेतील नत्राच्या दहा लाख अणूंत सुमारे ३,६६३ अणु जड असतात. हवेचे हे प्रमाण शून्य धरून इतर नमुन्यांतील फरक दर हजारी सांगतात. एखाद्या नमुन्याचा आकडा +१० असेल, तर त्यातील दहा लाख अणूंत सुमारे ३,७०० अणु जड आहेत असे समजावे. एवढा सूक्ष्म फरक प्रयोगशाळेतील यंत्रावर अचूक मोजता येतो.

फरक का पडतो?

युरिया, अमोनियम सल्फेट इत्यादी खतांतील नत्र कारखान्यात हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून त्याचा आकडा शून्याच्या आसपास, साधारणतः -४ ते +४ असतो. गोठ्यातील शेण व मूत्र यांची गोष्ट निराळी आहे. मूत्राचा जो उग्र वास येतो तो अमोनिया वायूचा. हा वायु उडून जाताना हलका नत्र अधिक प्रमाणात उडतो व जड नत्र मागे राहतो. पुढे त्याचे नायट्रेट बनून ते पाण्यात उतरते तेव्हा आकडा +१० ते +२० पर्यंत चढलेला असतो. मैलापाण्याचेही तसेच. जमिनीतील कुजलेल्या सेंद्रिय पदार्थापासून बनणाऱ्या नायट्रेटचा आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो.

टेक्सासमधील एक उदाहरण

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या रनेल्स परगण्यात विहिरींच्या पाण्यात नायट्रेटचे सरासरी प्रमाण लिटरला २५० मिलिग्रॅम आढळले होते. क्राइटलर व जोन्स या संशोधकांनी तेथील अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. जनावरांच्या मलमूत्रातील नायट्रेटचा आकडा +१० ते +२० आणि शेतजमिनीतील नैसर्गिक नायट्रेटचा +२ ते +८ असा त्यांना मिळाला. या खुणांवरून मुख्य कारण जमिनीतच असल्याचे ठरले. १९०० सालापासून तेथे कोरडवाहू शेतीसाठी जमिनी नांगरल्या गेल्या. माती उघडी होऊन तिच्यातील सेंद्रिय नत्राचे नायट्रेट झाले व ते मुळांच्या खाली जाऊन साठले. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दुष्काळ पडला. त्यानंतर शेतांना मोठ्या प्रमाणावर ताली घातल्या गेल्या. पाणी मुरून भूजलाची पातळी सुमारे ६ मीटर वर आली आणि साठलेले नायट्रेट त्यात उतरले. केवळ गोठे हलवून तेथील पाणी सुधारले नसते.

यावरून बांधबंदिस्ती वाईट असा अर्थ काढू नये. बांध माती व पाणी दोन्ही राखतात. परंतु मुरणारे पाणी जमिनीतील मोकळे नायट्रेट बरोबर नेते, हे ध्यानात ठेवून पावसाच्या काळात ते उचलणारे पीक शेतात उभे असावे.

सावधगिरी

केवळ एका आकड्यावर निर्णय देऊ नये. पाण्यात प्राणवायु नसेल तेथे काही जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. तेही हलका नत्र आधी वापरतात, म्हणून उरलेल्या नायट्रेटचा आकडा चढतो व खताचे नायट्रेटही शेणाचे भासू शकते. यासाठी नायट्रेटमधील प्राणवायूचे समस्थानिकही मोजतात. दोन्ही आकडे जोडीने चढलेले दिसले, तर जीवाणूंचे कार्य ओळखता येते.

गावात काय करावे?

ही परीक्षा प्रत्येक गावी होणे शक्य नाही. तरी पुढील गोष्टी प्रत्येकास करता येतील.

१. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्यावे. नमुन्याबरोबर तारीख, विहिरीची खोली आणि जवळचे गोठे, उकिरडे, शौचकूप व पिके यांची नोंद ठेवावी. मूळ शोधताना हीच नोंद प्रथम उपयोगी पडते.

२. नायट्रेट मर्यादेबाहेर असल्यास तान्ह्या मुलांसाठी दुसऱ्या विहिरीचे तपासलेले पाणी वापरावे.

३. उकिरडा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. खड्ड्यातील खत झाकावे, म्हणजे नत्र हवेतही जाणार नाही व पाण्यातही उतरणार नाही.

४. नत्रखत माती परीक्षणाप्रमाणे व हप्त्यांनी द्यावे. विहिरीच्या पाण्यातील नत्रही हिशेबात धरावा. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याची ५ सेंटिमीटरची एक पाळी हेक्टरी सुमारे ५ किलो नत्र देते.

विहिरीत उतरलेला नत्र पिकाच्या तोंडचा गेलेला नत्र आहे. तो कोणत्या वाटेने गेला हे प्रथम शोधावे आणि ती वाट बंद करावी. त्यात शेताचेही हित आहे व घरातील तान्ह्या मुलाचेही.